‘टीच’ : एका क्रियापदाचा अर्थ, उगम व वापर

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यामुळे ‘टीच’ हे क्रियापद खेड्यातील बालकाच्या कानांवरही लवकर पडते. ‘टीच म्हणजे शिकविणे’ एवढे पाठ करून घेतले की काम संपले, असा समज मात्र योग्य नव्हे.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘दाखविणे, निर्देश करणे’ असा होता. खूण या अर्थाचा ‘टोकन’ हा शब्द याच कुळातील होय. संस्कृत ‘दिश्’ धातूशीही त्याचे नाते आहे. दिशा, आदेश, उपदेश हे आपले शब्द त्याच धातूपासून आले. संस्कृतातील ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो, हे दश–टेन, द्वि–टू, दंत–टूथ या जोड्यांवरून सहज ध्यानात येईल.

वापरात तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ‘मला शिकवा’ यातील ‘ला’मुळे मुले ‘टीच टू मी’ म्हणतात. शुद्ध रूप ‘टीच मी’ असे आहे. भूतकाळी रूप ‘टॉट’ होय, ‘टीच्ड’ नव्हे. मराठीत शिकणे व शिकविणे ही एकाच धातूची रूपे आहेत. इंग्रजीत त्यांसाठी ‘लर्न’ व ‘टीच’ असे दोन निराळे शब्द आहेत. ‘टीच अ लेसन’ म्हणजे मात्र आपल्याप्रमाणेच धडा शिकविणे, अद्दल घडविणे.

मूळ अर्थ वर्गातही उपयोगी पडतो. बुरूज या वस्तूची व्याख्या दहा वेळा घोकून जे साधत नाही, ते जालन्यातील मस्तगडाच्या १७२५ सालच्या बांधकामाकडे एकदा बोट दाखविल्याने साधते. गावातील शाळेत हेच काम वेस, आड किंवा जोंधळ्याचे कणीसही करील. इंग्रजीच्या तासाला मागे अबोल बसणाऱ्या मुलास शिक्षकांनी शेताच्या बांधावर न्यावे आणि ‘टीच मी’ असे म्हणावे. तो एकेका वस्तूकडे बोट दाखवून तिचे मराठी नाव सांगेल. शिक्षकांनी इंग्रजी नाव सांगावे. अशा देवघेवीत त्याची भीड चेपते, कारण तेथे तोही शिकविणारा असतो. भीड चेपली की भाषा आपोआप तोंडी येऊ लागते.