एका आवारात किती उन्हाळे?

मे महिन्यात बातम्यांत सांगतात, "नांदेडचं आजचं कमाल तापमान ४२ अंश." पण हे ४२ अंश कुठले बरं? पत्र्याच्या वर्गातले की लिंबाच्या सावलीतले?

दोन्हीकडचे नाहीत! हवामान केंद्रातला तापमापक असतो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच. तिथं वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही. ही पेटी तयार केली थॉमस स्टीव्हन्सन यांनी. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ते वडील!

पेटीबाहेर मात्र प्रत्येक जागेची तऱ्हा वेगळी. पत्रा लवकर तापतो. सिमेंटची भिंत दिवसभर उष्णता साठवते अन् रात्री सोडते. झाड मुळांनी पाणी ओढून पानांतून वाफ सोडतं. माठातलं पाणी गार होतं ना, तसंच झाडाखाली गार वाटतं. शिवाय सावली असतेच. अशा छोट्या जागेच्या हवामानाला म्हणतात सूक्ष्म हवामान.

नांदेडजवळ विष्णुपुरीला १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. इमारती, डांबरी रस्ते, झाडं, मोकळी जमीन! भूगोलाच्या विद्यार्थ्यांना असं आवार म्हणजे उघडी प्रयोगशाळाच. पण तुमची शाळा काय कमी आहे?

तीन सारखे तापमापक घ्या. ताप मोजायचा चालणार नाही बरं का! आधी तिन्ही एकत्र ठेवून सारखंच तापमान दाखवतात का, ते पाहा. मग एक वर्गात, एक झाडाखाली, एक मैदानात ठेवा. उंची सारखी, वेळ सारखी. मैदानातल्यावर पुठ्ठ्याची सावली धरा. सकाळी आठ अन् दुपारी दोनला आठवडाभर नोंदी करा.

एवढा खटाटोप कशाला? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा आपल्या मुलखात दहा रोपं लावून आठ वाळवणं परवडत नाही. दोनच लावा, पण योग्य जागी. दुपारनंतर वर्ग भाजून निघत असेल, तर रोप पश्चिमेच्या बाजूला हवं. हात धुतलेलं पाणी त्यालाच घाला.

अन् हो, "गुरुजी, फार उकडतंय" म्हटलं तर कुणी ऐकेल, कुणी हसेल. पण आठवड्याच्या नोंदींची वही शाळा समितीपुढं ठेवा. मग हसणारेसुद्धा रोप कुठं लावायचं ते विचारतील!