पाटावरचे बुडबुडे

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाकडे गौरी-गणपतीच्या चाळीस पाटांची ऑर्डर होती. रंगावर पीयूचा शेवटचा हात दिला आणि सकाळी बघतो तर सगळ्या पाटांवर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे! आम्ही दुकानदाराशी भांडून आलो. पण माल चांगलाच होता, चूक आमची होती.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली ते शोधलं. आपण आणतो ते दोन डब्यांत येतं, एकात बेस आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांचा संयोग होऊन कडक थर बनतो, म्हणून त्यावर गरम कप ठेवला तरी स्पिरिट पॉलिशसारखा पांढरा डाग सहसा पडत नाही. पण हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशीही संयोग पावतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. गादीचा फोम याच वायूने फुलतो. आमचे पाट आठ दिवस पडवीत होते, लाकूड दमट झालेलं. मग दुसरं काय होणार? दोन दिवस पॉलिश पेपर घासत बसलो.

आता आम्ही आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर हात देतो. प्रमाण डब्यावरचं, अंदाजाने नाही. मिसळलेला माल घट्ट होऊ लागला तर थिनर ओतून वाचवत नाही. आठवड्याने ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारतो. पंचवीस चौकोन होतात. त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. कारखान्यांतही अशीच चाचणी असते. काहीच निघालं नाही तर शून्य, सर्वांत वाईट पाच. आमचा पहिला तुकडा जवळजवळ सोलूनच निघाला, कारण दोन हातांच्या मध्ये घासलंच नव्हतं.

आणि हे नीट ऐका. आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. ओढणी किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही. रासायनिक वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. आम्ही हे उशिरा शिकलो. आमच्यातल्या एका ताईंना रात्री दम लागायचा. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "काम काय करता?" त्या आता हिशोब बघतात, आणि पीयूच्या दिवशी शेडकडे येत नाहीत.