उजनीच्या पलीकडचा दिग्दर्शक

भिगवणहून रेल्वेने सोलापूरकडे निघालं की थोड्याच वेळात जेऊर लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव नागराज मंजुळे यांचं. आपल्या इंदापूरच्या आणि त्यांच्या मध्ये फक्त उजनीचं पाणी!

वडार समाजातला हा मुलगा पुण्यात मराठी घेऊन एम. ए. झाला, कविता लिहू लागला, मग तेव्हाच्या अहमदनगरला न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकायला गेला. तिथेच 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म झाली. म्हणजे आपल्या भाषेत कोर्सचं प्रोजेक्ट! त्याला २०११ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. (आपली प्रोजेक्टं कुठून येतात ते सांगायला नको.)

मग २०१३ चा 'फँड्री'. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याने तो रूममेटला शब्द विचारत विचारत पाहिला. जब्याला वर्गातली शालू आवडते, पण अख्ख्या गावासमोर घरच्यांबरोबर डुक्कर पकडावं लागतं. डुक्कर हाताशी येतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं! डुक्कर निघून जातं. आधी हसू येतं, मग आपण कशाला हसलो असं वाटतं. कुणीही भाषण देत नाही. शेवटी जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे आपल्यावर.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे नीरा ओलांडली की पलीकडे. आपल्याकडची जी बोली पुण्यामुंबईत गावठी म्हणून हसण्यावारी नेतात, तीच नायिकेच्या तोंडी! गॅदरिंगला 'झिंगाट'वर आपण सगळेच नाचतो, पण मला वाटतं ती गाणी म्हणजे गळ आहे. इंटरव्हलनंतर गाणी संपतात, आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजच नसतो. जात मोठ्याने न उच्चारता तिने काय केलं ते दिसतं. २०१८ च्या हिंदी 'धडक'मध्ये सगळं चकचकीत झालं आणि नेमकं हेच निसटलं.

पुढे २०२२ मध्ये अमिताभ बच्चनना घेऊन 'झुंड' केला, तोही नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांवर. पण मधेच, 'सैराट'च्या एवढ्या यशानंतर, ते परत शॉर्ट फिल्मकडे वळले होते. 'पावसाचा निबंध', २०१७. शाळेने पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलाय, आणि पोराच्या घरात तोच पाऊस शिरलाय. तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.