पाचोळ्याला काडी

शिशिरात पानगळ सुरू झाली की सोसायटीच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला खराट्याने लोटलेले ढीग दिसू लागतात आणि त्यांना काडी लावली जाते. असा ढीग भडकतो कमी, धुमसतो अधिक. वरची पाने कोरडी असली तरी तळाशी ओल असते. आत हवा पोचत नाही, ज्वलन अर्धवट राहते आणि सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइडने भरलेला धूर सकाळच्या थंड हवेत जमिनीलगतच रेंगाळतो. ढिगात गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या हमखास असतात, त्यांचे विष निराळेच.

केंद्राच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा आवारातच वेगळा साठवण्याची आणि पालिका सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी ज्याचा कचरा त्याच्यावर टाकली. रस्त्यावर किंवा आवाराबाहेरच्या सार्वजनिक जागेत तो जाळायला मनाई केली. आवाराच्या आत जाळला तर काय, ही फट मात्र राहिली. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात उघड्यावर कचरा जाळण्यास सरसकट बंदी घालून ती बुजवली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरली. कचराडेपो यातून सुटले नाहीत आणि पालिकाही नाहीत. बेफिकिरीने लावलेल्या आगीमुळे कुणाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेचे 287 वे कलम आहेच.

कोकणातला राब ही वेगळी गोष्ट. भाताचा तरवा पेरण्याआधी शेण, कवळ, पालापाचोळा असे थर रचून वर माती पसरतात आणि जमीन भाजतात. तणाचे बी जळते, रोपे जोमाने येतात. याला कचरा जाळणे म्हणणे शेतकऱ्यावर अन्यायाचे होईल. पण बांधावरून सटकलेली ठिणगी वाळक्या गवतात शिरली की वणवा होतो. राखीव वनाला धोका पोचेल अशी आग पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे 1927 च्या वन कायद्याच्या 26 व्या कलमानुसार गुन्हा आहे.

शहरातल्या पाचोळ्याला मात्र काडीची गरजच नाही. कोंबडजाळीचा पिंजरा करून त्यात पाने दाबावीत, अधूनमधून शेणकाला शिंपडावा, ओल राखावी. आंब्या-फणसाची जाड पाने चुरडून घालावीत, नाहीतर ती महिनोन्महिने तशीच राहतात. छातीइतका भरलेला पिंजरा कुजत कुजत गुडघ्याच्याही खाली बसतो.