बत्तीस बिटांत न मावणारा काळ

युनिक्स परंपरेतील संगणक १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, लोटलेले सेकंद मोजतो आणि त्या एकाच संख्येवरून तारीख काढतो. जुन्या संगणकांत ही संख्या ३२ बिटांत ठेवली जाई. त्यांतील एक बिट धन-ऋण चिन्हासाठी खर्ची पडत असल्याने तेथे २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, ही मर्यादा गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला संख्या ऋण होऊन तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. मात्र वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काढणाऱ्या आज्ञावलीला ही अडचण आजच भेडसावू शकते.

संख्येला ६४ बिटांची जागा द्यावी, हा उपाय उघड आहे. ३२ बिटांचा प्रोसेसरही दोन कप्पे जोडून एवढी संख्या हाताळू शकतो. तेव्हा अडचण यंत्राची नसून आज्ञावलींमधील परस्पर संकेताची आहे. माहितीची देवाणघेवाण करताना कोणती बाब कितव्या बाइटवर असेल, हे आधीच ठरलेले असते. वेळेची जागा ४ बाइटांवरून ८ बाइटांवर गेली की तिच्यामागील बाबी सरकतात. एकीने नव्या मापाने लिहिले व दुसरीने जुन्या मापाने वाचले, तर चुकीची माहिती निमूटपणे पुढे जाते.

म्हणून हा बदल पायापासून करावा लागला. २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ६४ बिटांच्या वेळेची सोय झाली. २०२१ मध्ये जीलिबसी या मूलभूत आज्ञासंग्रहाने ती पर्याय म्हणून दिली. २०२४ मध्ये डेबियन प्रकल्पाने ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांसाठी हा बदल हाती घेतला. जुन्या व नव्या मापांची गल्लत होऊ नये म्हणून आज्ञासंग्रहांच्या संचांची नावे बदलली आणि त्यांवर विसंबणाऱ्या आज्ञावली पुन्हा संकलित केल्या. जुन्या इंटेल जातीची यंत्रे मात्र मुद्दाम वगळली. त्यांचा आजचा मुख्य उपयोग जुन्या तयार आज्ञावली चालवण्याचा आहे; ज्यांची मूळ संहिता हाती नाही, त्या नव्या मापाने बांधणार कशा?

पुन्हा संकलन केले म्हणजे सारे संपले, असेही नाही. वेळ साध्या ३२ बिटांच्या पूर्णांकात उतरवून घेणारी ओळ संहितेत कोठे दडली असेल, किंवा साठवलेल्या नोंदीत वेळेला चारच बाइट असतील, तर रुंद केलेला काळ तेथे पुन्हा कापला जातो. अशी प्रत्येक जागा शोधून दुरुस्त करणे, हे काम माणसालाच करावे लागते.