संघनायिका

मुंबईत दादर आणि परळ यांच्या सीमेवर हिंदमाता नावाचा सखल भाग आहे. कापडाच्या दुकानांसाठी तो जसा प्रसिद्ध आहे, तसाच पावसात तुंबणाऱ्या पाण्यासाठीही. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती यांची गाठ पडली, की भोवतालच्या उंच भागांतील पाणी येथे उतरते आणि त्याला वाट मिळत नाही. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने जवळच्या मैदानाखाली व उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधून हे पाणी साठवण्याची सोय केली आहे.

अशाच एका दिवशी शाळा लवकर सुटली आहे आणि आठ मुलींना घरी जायचे आहे, अशी कल्पना करा. पाणी गुडघ्यापर्यंत आले आहे. निघावे, की शाळेतच थांबावे? पाण्याखाली एखादे मॅनहोल उघडे असले तर? सर्वांत धाकटी रडू लागली आहे. अशा वेळी कोणीतरी शांतपणे निर्णय घ्यावा लागतो आणि इतरींना तो पटवूनही द्यावा लागतो. हे गुण उपजत येतात असे नाही. ते सवयीने अंगी बाणतात. मुलींना ही सवय लावण्याचे कार्य गाइड चळवळ करते.

या चळवळीचा उगम मोठा गमतीचा आहे. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले. पुढे १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली बोलावणे नसतानाच तेथे हजर झाल्या आणि आपल्यालाही स्थान हवे, असे म्हणू लागल्या. तेव्हा १९१० मध्ये मुलींची स्वतंत्र संस्था निघाली व तिची धुरा बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अॅग्नेस यांनी उचलली. भारतातील पहिले पथक १९११ साली जबलपूर येथे सुरू झाले. भारतीय मुलींना प्रवेश मात्र नंतर मिळाला. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली आणि १९५१ साली गाइड संघटना तीत सामील झाली.

गाइडांच्या पथकात सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो. त्याला पुष्कळदा एखाद्या फुलाचे नाव देतात. संघातीलच एक मुलगी संघनायिका होते. गाठी मारणे, प्रथमोपचार, चुलीवरचा स्वयंपाक, नकाशा पाहून वाट काढणे हे सारे ती शिकते आणि शिकवते. गणवेशाचे व सलामीचे कौतुक पुष्कळ होते. परंतु माझ्या मते या रचनेचा प्राण म्हणजे मानसभा होय. तीत संघनायिका एकत्र बसून पथकाचे प्रश्न सोडवतात. पथकाच्या कॅप्टन तेथे केवळ सल्लागार असतात.

या कॅप्टनबाई बहुधा एखाद्या शिक्षिका असतात आणि हे काम त्या स्वयंसेवेने करतात. त्यांच्या कामातील सर्वांत कठीण भाग कोणता? गप्प राहणे! शिबिरात एखाद्या संघाने तंबूची दोरी चुकीची बांधली, तर ते त्यांना लगेच दिसते. पण रात्री अंथरुणे थोडी भिजण्यापलीकडे काही बिघडणार नसेल, तर त्या बोलत नाहीत. सकाळी मुली स्वतःच दोरी नीट बांधतात. जेथे आग किंवा खोल पाणी असेल, तेथे मात्र त्या क्षणभरही थांबत नाहीत. कोठे बोलावे आणि कोठे थांबावे, हे ओळखण्यातच त्यांचे कौशल्य असते.

आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला, या चळवळीचे ‘संगम’ नावाचे जागतिक केंद्र आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ते सुरू झाले. निरनिराळ्या देशांतील तरुणी तेथे येऊन राहतात, एकमेकींचे रीतिरिवाज जाणून घेतात, पुण्यातील सेवाभावी संस्थांत काम करतात आणि मग आपापल्या देशातील पथकांकडे परततात.