रब्बी ज्वारी व जमिनीतील ओल

सोलापूर भागातील रब्बी ज्वारी पेरणीनंतरच्या पावसावर वाढत नाही. उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसाने काळ्या जमिनीत जी ओल साठते, तिच्यावरच दाणा आणि कडबा ही दोन्ही अवलंबून असतात. अलीकडे पाऊस लहरी झाला आहे. एका दिवसात तो धो धो कोसळतो आणि मग कित्येक आठवडे दडी मारतो. अशा साली घरातील धान्याबरोबर बैलांची वैरणही हातची जाते.

ओल राखण्याचे मर्म जुन्या शेतकऱ्यास ठाऊक नव्हते असे नाही. उतारास आडवी पेरणी आणि वेळेवर कोळपणी या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. ज्या मालदांडी ३५-१ वाणाचा आजही बोलबाला आहे, तो मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतूनच निवडलेला होय. गावरान बियाण्यास नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र हा वाण मध्यम जमिनीचा आहे. हलक्या जमिनीत फुले अनुराधा व भारी जमिनीत फुले वसुधा पेरणे श्रेयस्कर.

पावसाळ्यात शेतात लहान लहान वाफे पाडून पाणी जागच्या जागी मुरवावे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी. फार लवकर पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो व उशीर झाल्यास ओल खाली जाते. हस्त साधण्याच्या जुन्या धडपडीत तथ्य आहे ते असे. काणी रोग टाळण्यासाठी दर किलो बियाण्यास ४ ग्रॅम गंधकाची भुकटी चोळावी. दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी पेरावे.

खरा भर कोळपणीवर असावा. पुष्कळ जण तण दिसले तरच कोळपे धरतात, हा गैरसमज आहे. काळी जमीन वाळताना आकसते, तिला भेगा पडतात आणि त्या वाटे खालची ओल उडून जाते. कोळप्याने भेगा बुजतात व वर भुसभुशीत मातीचा थर बसतो. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. माती कठीण झाल्यावर पास चालत नाही, दाते मात्र माती उकरून भेगांत ढकलतात.

ज्या गावी याविषयी शंका असेल, तेथे कृषी सहायकांनी एखाद्या शेतात चार ओळी न कोळपता राखाव्यात आणि कणसे भरण्याच्या वेळी शेतकरी बंधूंना दोन्ही ठिकाणची माती हाताने उकरून पाहू द्यावी.